फर्मा चुकलेलं पुस्तक

भोरच्या कॉलेजात मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, तेव्हा मराठी स्पेशलला भाषाविज्ञानाचा एक पेपर होता. नव्वदचं दशक संपत आलेलं. अभ्यासक्रमाच्या सायक्लोस्टाईल कागदावर तळाला संदर्भग्रंथांची यादी होती, नऊ पुस्तकांची. आमच्या ग्रंथालयात त्यातलं एकच पुस्तक होतं आणि त्याची प्रतही एकच. ती वर्गात फिरत फिरत माझ्याकडं आली तेव्हा कळलं की बत्तिसाव्या पानानंतर तेहतिसावं पान येत नाही, पुन्हा सतरावं येतं. सतरा ते बत्तीस दोनदा, आणि मग एकदम एकोणपन्नास.

मी ते सरांना दाखवलं. आमचे सर उंच, किडकिडीत, स्वच्छ पांढऱ्या शर्टातले. त्यांनी पुस्तक उलटंपालटं केलं, शिलाईत बोट घातलं आणि म्हणाले, "छापखान्यात सोळा पानांचा एक फर्मा असतो. बांधणाऱ्यानं एक फर्मा दोनदा लावलाय आणि त्याच्या पुढचा लावायचाच राहिलाय."

"मग राहिलेल्यात काय होतं, सर?"

सरांनी अनुक्रमणिका काढली. "ध्वनिविचार," ते म्हणाले. "म्हणजे सगळा पाया."

पुस्तक आमच्या हाती येण्याआधी दहा-बारा वर्षं ग्रंथालयात होतं. तेवढ्या वर्षांत ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती, याचं सरांना फार वाईट वाटलं असावं. वर्गातल्या बाकीच्यांना काही अडलं नव्हतं. सगळ्यांकडं गाईड होतं आणि गाईडमध्ये ध्वनिविचार दीड पानात उरकला होता. पण मला आणि माझ्या मैत्रिणीला त्या सोळा पानांनी पछाडलं.

ही मैत्रीण वेल्ह्याच्या पुढं, तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीतली. भोरमध्ये तिघी मुलींबरोबर खोली करून राहायची. तिला प्रथम वर्ग पाहिजे होता, कारण तिला शिक्षिका व्हायचं होतं आणि घरून तिला तेवढंच सांगून पाठवलं होतं. माझं कारण वेगळं होतं. मी मराठी स्पेशल घेतलं तेव्हा दोन-तीन जणांनी सहज विचारलं होतं, "तुमच्या घरी उर्दू बोलत असतील ना?" आमच्या घरी मराठीच बोलतात, पिढ्यान् पिढ्या. नमाज अरबीत आणि बाकी सगळं, भांडणासकट, मराठीत. तरी तो प्रश्न माझ्या मनात राहिला होता. भाषा म्हणजे नेमकं काय आणि ती कुणाची असते, हे कुठल्या तरी पुस्तकात लिहिलेलं असेल असं मला वाटायचं.

अब्बा एस.टी.त कंडक्टर होते. त्यांची ड्यूटी बहुतेक वेळा स्वारगेटच्या गाडीवर असायची. मी त्यांना पुस्तकाचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. पुण्यात गाडी सुटायला वेळ असला की ते जुन्या पुस्तकांच्या पथारीवर जाऊन विचारायचे. पहिल्या खेपेला त्यांनी शुद्धलेखनाचं पुस्तक आणलं. दुसऱ्या खेपेला पत्रलेखनाचं. तिसऱ्या वेळी आणलं ते संस्कृत व्याकरण होतं, मुखपृष्ठ नसलेलं.

"भाषा म्हनला तर ह्यो मानूस हेच काढून देतो," अब्बा म्हणाले. "म्या त्याला म्हनलं, भाषा कशी लिहायची ते न्हवं, तोंडातनं कशी निघती ते. तो माझ्याकडं बघतच राहिला."

मी त्या वेळी हसले. पुढं बरीच वर्षं विद्यार्थ्यांना या विषयाची ओळख करून देताना मी अब्बांचंच वाक्य थोडं नीटनेटकं करून वापरत आले आहे.

दिवाळीच्या सुट्टीत सर पुण्याला कसल्याशा कार्यशाळेला गेले. परत आले ते एक चिठ्ठी घेऊन. तिथं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की परदेशातल्या एका विद्यापीठातले प्राध्यापक आपला पहिल्या वर्षाचा भाषाविज्ञानाचा सगळा अभ्यास इंटरनेटवर ठेवतात. वाचायचं काय, गृहपाठ कोणता, सगळं, कुणालाही बघता येईल असं. चिठ्ठीवर त्या पानाचा पत्ता होता. सरांनी स्वतः इंटरनेट तोवर पाहिलं नव्हतं. आम्हीही नाही.

भोरमध्ये तेव्हा नुकतंच एका ठिकाणी इंटरनेट आलं होतं. एस.टी. स्टँडकडून बाजारपेठेत येताना एक टायपिंगचा क्लास होता. तिथल्या काकांनी दोन टाइपरायटर विकून एक कॉम्प्युटर घेतला होता आणि त्याला काचेची केबिन करून दिली होती. क्लास चालूच असायचा. बाहेर दहा-बारा मशीनांचा खडखडाट, आणि आत केबिनमध्ये थंड, शांत, कौतुकाची ती एक वस्तू.

काकांनी चिठ्ठी हातात घेतली. "हा पत्ता आहे?" ते म्हणाले. "आमच्या मेहुण्याचा दुबईचा पत्तासुद्धा एवढा मोठा नाही."

त्यांनी तो न बघता, दहा बोटांनी, सरसर टाइप केला. मोडेमनं शिट्ट्या मारल्या, खरखर केली. बराच वेळ पांढरा पडदा आणि मग इंग्रजीत एक ओळ आली की असं पान नाही. पुन्हा टाइप केला, पुन्हा तेच. आम्ही तिघं, म्हणजे सर आणि आम्ही दोघी, केबिनच्या बाहेर येऊन उभे राहिलो. सरांचा चेहरा उतरला होता. त्यांनी चिठ्ठी चष्म्याजवळ धरली आणि म्हणाले, "मला वाटतं ही रेघ सरळ नव्हती. त्यांनी फळ्यावर लिहिली तेव्हा ती जरा नागमोडी होती. मला वाटलं, त्यांचा हात हलला."

काका वीस वर्षं टायपिंग शिकवत होते, पण नागमोडी रेघ त्यांनी कधी मारली नव्हती. त्यांनी कीबोर्डवरून बोट फिरवत फिरवत शोधलं. अगदी वर, डाव्या कोपऱ्यात ती सापडली. "ही इथं होती होय," ते म्हणाले, एखाद्या ओळखीच्या माणसाला वेगळ्याच गावात भेटावं तसं.

पान उघडलं.

आज ते पान दिसलं तर कुणी थांबून पाहणार नाही. राखाडी रंग, निळी अक्षरं, एकही चित्र नाही. वर अभ्यासक्रमाचं नाव, खाली आठवड्यांची यादी. पहिला आठवडा, भाषा म्हणजे काय. दुसरा आठवडा, ध्वनी. प्रत्येक आठवड्यापुढं वाचायच्या पानांची नावं, त्यांवर माऊसचा बाण नेऊन दाबलं की ती पानं उघडत. सर खुर्चीच्या मागं उभे राहून मोठ्यानं वाचत होते आणि मध्येच त्यांनी चष्मा काढून पुसला. "यांनी हे सगळं असंच ठेवलंय," ते म्हणाले. "कुणीही यावं आणि वाचावं."

दुसऱ्या आठवड्यात एक तक्ता होता. जगातल्या भाषांमधले ध्वनी चौकोनांमध्ये मांडलेले, ओठांपासून घशापर्यंत, डावीकडून उजवीकडं. चौकोनावर बाण नेऊन दाबलं की त्या ध्वनीचा आवाज यायचा, पण यायला फार वेळ लागायचा. हेडफोन एकच होता. एक कान मी घेतला, एक मैत्रिणीनं. बसल्या बसल्या आम्हीच तो ध्वनी करून बघायचो. जीभ कुठं लागते, श्वास कुठं अडतो. बाहेर खडखडाट चालू आणि आत आम्ही दोघी ट ट ट, ळ ळ ळ करतोय. काका काचेतून बघायचे.

ळ-च्या चौकोनातून एका परक्या पुरुषाचा आवाज आला, सावकाश, 'अळा'.

"ह्यांना ळ येतोय की," मैत्रीण म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, जणू कुणी लांबचा पाहुणा आमच्या पंगतीत मांडी घालून बसला होता.

दर शनिवारी आम्ही जायला लागलो. इंग्रजी पानं छापून घ्यायचो आणि सर सोमवारी ग्रंथालयाच्या कोपऱ्यात बसून त्यांचा अर्थ लावायचे. प म्हणताना आणि ब म्हणताना गळ्यावर हात ठेवायला सांगायचे. ब-ला गळा थरथरतो. ओठांपुढं कागदाची पट्टी धरायची आणि प, फ म्हणायचं. फ-ला पट्टी उडते. "आता 'जग' म्हणा," एकदा ते म्हणाले. आम्ही म्हटलं. "आता 'जगात' मधला जग आणि 'तू जग' मधला जग, दोन्ही म्हणा." आम्ही म्हटलं आणि एकमेकींकडं बघत राहिलो. लिहायला एक, बोलायला दोन. एकवीस वर्षं आम्ही हे रोज बोलत होतो आणि आमच्या लक्षात आलं नव्हतं.

मग तिसऱ्या आठवड्याचा गृहपाठ आला. त्यात म्हटलं होतं, तुमच्या भागातल्या, शाळेत न गेलेल्या एखाद्या माणसाचं बोलणं टेप करा. त्यातली दहा वाक्यं जशी ऐकू येतात तशीच लिहा, जशी लिहायची पद्धत आहे तशी नाही.

"हा आपण करू," सर म्हणाले. "आपल्याला कुणी मार्क देणार नाही, पण करू."

माझ्या डोक्यात लगेच आलं. मी मैत्रिणीला म्हटलं, "तुझ्या आईचं करू या का?"

तिनं वह्या गोळा केल्या आणि निघून गेली. दोन दिवस माझ्याशी तुटक वागली. तिसऱ्या दिवशी मी तिच्या खोलीवर गेले तेव्हा म्हणाली, "माझी आई म्हणजे काय नमुना आहे का?"

मला तिचं कारण माहीत नव्हतं असं नाही. पहिल्या वर्षाला ती कॉलेजात आली तेव्हा वर्गात 'म्या न्हाई आनली' असं काहीतरी बोलली होती आणि मागच्या बाकावरून हशा झाला होता. त्यानंतर महिन्याभरात तिनं आपली भाषा पार बदलून टाकली. 'मी', 'नाही', 'आहे', प्रत्येक ण आपल्या जागी. ती आमच्यापेक्षा शुद्ध बोलायला लागली. माझ्याही तोंडात अधूनमधून 'हितं', 'लई' येतं, पण तिच्या तोंडून ते परत कधी ऐकलं नव्हतं. मी हे सगळं बघितलेलं असूनही तिला तो प्रश्न विचारला, आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा विचारला. मला तो गृहपाठ करायचाच होता. तरुणपणी माणूस एखाद्या गोष्टीच्या मागं लागला की समोरच्याचं दुखणं त्याला दिसत नाही. शेवटी ती म्हणाली, "चल. पण ती काय बोलेल याची मला खात्री नाही."

पौषातल्या एका रविवारी आम्ही निघालो. आमच्या घरचा टेप एका पिशवीत, त्याचे चार मोठे सेल वेगळे. कोरी कॅसेट नव्हती, म्हणून गाण्यांच्या एका कॅसेटची वरची खाच कागदानं बुजवली होती. नसरापूरला उतरून वेल्ह्याची गाडी धरली. वेल्ह्यातून पुढं पाऊण तास चालत. भात कधीच निघालं होतं, खाचरं कोरडी पडली होती. तोरणा उन्हात अगदी जवळ आल्यासारखा दिसत होता.

तिची आई अंगणात नाचणी पाखडत बसली होती. बारीक, काटक बाई. आम्हाला बघून उठली, हात पुसले आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. मी नाव सांगितलं. ते ऐकून तिनं सरळ विचारलं, "तुमच्यात मराठीच बोलत्यात व्हय?"

"व्हय मावशी, मराठीच."

"मंग बरं झालं. बोलाया तरी यील," असं म्हणून ती चहा टाकायला आत गेली. त्या प्रश्नाचा इतका साधा शेवट मी आधी कधी पाहिला नव्हता.

चहा झाल्यावर मी टेप सुपाशेजारी ठेवला, बटण दाबलं आणि म्हटलं, "मावशी, काहीही सांगा. तुमचा दिवस कसा जातो ते सांगा."

ती पदर सावरून ताठ बसली. समोर बघत, एकेक शब्द तोडत बोलायला लागली. "मी सकाळी लवकर उठते. मी विहिरीवरून पाणी आणते. नंतर मी स्वयंपाक करते."

मला काही कळेना. ही बाई घडीभरापूर्वी वेगळंच बोलत होती. आता ती रेडिओवरच्या बायकांसारखं बोलत होती. प्रत्येक ण नीट, प्रत्येक 'मी' जागच्या जागी, आणि कपाळावर घाम. मैत्रीण दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "आई, तू अशी का बोलतीस?"

आईनं तिच्याकडं बघितलं. टेप चालूच होता, ते तिच्या ध्यानात नसावं. ती हळूच म्हणाली, "तुज्या मैत्रिनीफुडं तुजी मान खाली जाया नगं म्हून."

मग आईच पुढं म्हणाली, "गेल्या साली म्या भोरला आले व्हते न्हवं का तांदूळ घिऊन. तवा तुज्या खोलीतल्या पोरी व्हत्या. तू मला म्हनलीस, आई, हळू बोल. म्या वळखलं काय ते. तवापस्नं म्या रेडू लावून बसती दोपारची. म्हनलं, आपल्याला बी जमंल."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. आपण शिकलो हे ती सांगत होती, एवढंच. मला तिथून उठून कुठंतरी जावंसं वाटलं, कारण हे ऐकायचा हक्क माझा नव्हता. पण मैत्रीण दारातून आली आणि आईसमोर, नाचणीच्या ढिगाजवळ, जमिनीवर बसली. मग म्हणाली, "आये, म्या चुकले. म्या लई चुकले त्या दिशी."

तीन वर्षांत मी तिच्या तोंडून तो 'म्या' पुन्हा ऐकला नव्हता. आईनं तिच्या डोक्यावर नाचणीचा हात ठेवला, केसांत कोंडा लागला. "आता काय त्याचं," ती म्हणाली. "पोर शिकली तर बोलनं बदलनारच की. मला त्याचा राग न्हाई. पर तू घरी आलीस की मला तुज्याशी काय बोलू त्येच सुचत न्हाई, येवढंच हाय."

मी टेप बंद करायला हात पुढं केला. मैत्रिणीनं मान हलवून मला थांबवलं. मग आईला म्हणाली, "आये, त्या गाडीचं सांग. म्या पयल्यांदा भोरला निगाले व्हते त्या दिशीचं."

आणि मग ती बाई बोलली. खरी बोलली, तिच्या स्वतःच्या बोलण्यात, हात हलवत, मध्येच हसत. मुलगी पहिल्यांदा भोरला निघाली त्या दिवशी ती वेल्ह्याच्या स्टँडपर्यंत पोचवायला आली होती. गाडी सुटली आणि मग तिच्या ध्यानात आलं की भाकरीचं गठुडं आपल्याच हातात राहिलं. रस्ता वळणावळणाचा. ती आडव्या पायवाटेनं, बांधावरून उड्या मारत, निम्मी पळत, निम्मी घसरत पुढच्या वळणावर गेली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. ड्रायव्हरनं गाडी थांबवली आणि ओरडायला तोंड उघडलं. ही म्हणाली, "वरडा, पर आदी माज्या पोरीला भाकर द्या." सगळी गाडी हसली. मुलगी मात्र खिडकीत मान खाली घालून बसली होती. आईनं हे सगळं सांगितलं आणि मुलीकडं बघून म्हणाली, "तवा बी लाजली व्हती. लाजरीच हाय पयल्यापस्नं." मैत्रीण रडत होती आणि हसतही होती. त्या गोष्टीच्या शेवटच्या वाक्यानंतर कॅसेटमध्ये एकदम जुनं गाणं सुरू होतं, कारण तिथंच मी बटण दाबलं होतं.

रात्री मुक्कामाला राहायचा आग्रह झाला, पण मला घरी सांगितलेलं नव्हतं. परतीच्या गाडीत टेपची पिशवी तिनं मांडीवर घेतली. नसरापूर आलं तेव्हा ती म्हणाली, "माझं ते 'म्या चुकले' कॅसेटमधून काढू नकोस. राहू दे."

मी म्हटलं, "मी तुझं ऐकायला पाहिजे होतं."

"ऐकलं असतंस तर मी गेलेच नसते," ती म्हणाली. तिनं मला माफ केलं की नुसतं सांगितलं, ते मला तेव्हा कळलं नाही.

घरी अब्बांना ती गाडीची गोष्ट सांगितली. मला वाटलं, कदाचित तेच असतील त्या गाडीवर. ते म्हणाले, "म्या न्हवतो. पर आमच्यातला कोनीबी थांबलाच असता की."

आता दहा वाक्यं लिहायची होती. मी टेप पुढं-मागं करत एका बैठकीत लिहिली आणि सरांना दाखवली. सरांनी वाचली, मग टेप ऐकला, मग पुन्हा वाचली. "इथं तुम्ही 'मी' लिहिलंय," ते म्हणाले. "बाई काय म्हणतायत?"

मी ऐकलं. 'म्या.'

"इथं 'आधी' लिहिलंय."

पुन्हा ऐकलं. 'आदी.' कागदाची पट्टी धरली असती तर उडाली नसती.

दहा वाक्यांत मी अठरा-वीस ठिकाणी तिचं बोलणं नकळत दुरुस्त केलं होतं. मला लाज वाटली. सर म्हणाले, "कान शाळेत जाऊन बिघडलेले असतात. लिहीत रहा. सुधारतात." त्या दहा वाक्यांना आम्हाला तीन आठवडे लागले. पण त्यातून कळत गेलं की त्या बोलण्याला नियम आहेत. पट्टी उडवणारा तो श्वास, महाप्राण, कुठं गळतो आणि कुठं टिकतो, 'म्या' कधी येतो, ण-चा न कसा होतो, हे सगळं नेमानं होत होतं, गलथानपणानं नाही. मैत्रीण हे माझ्याआधी पकडायची. तिला ऐकावं लागायचं नाही. तिला आठवावं लागायचं.

फेब्रुवारीत सरांनी आम्हाला सांगितलं की त्या पुस्तकातली राहिलेली सोळा पानं आता आपणच लिहू. आम्हाला वाटलं, गंमत करतायत. ते गंमत करत नव्हते. त्यांनी पुस्तकाच्या पानाएवढे कागद कापून आणले, आठ पाठपोट. तक्ता मी काढला. मजकूर सर सांगायचे, मैत्रीण लिहायची. तिचं अक्षर छापल्यासारखं होतं. उदाहरणं मात्र यादीतल्या पुस्तकांतली घ्यायची नाहीत असं ठरलं. काळ आणि काल, जग आणि जग, आणि तिच्या आईची दहाच्या दहा वाक्यं. खाली आम्ही लिहिलं, 'वेल्हे भागातील बोली'. बोलणारीचं नाव लिहायचं का, असं सरांनी विचारलं. मैत्रीण म्हणाली, "लिहा ना, सर." मग तिनं स्वतःच्या हातानं आईचं पूर्ण नाव लिहिलं.

जादा लागलेला फर्मा उसवून काढला आणि त्या जागी आमची पानं शिवली. दाभण आणि दोरा बाजारपेठेतल्या एका चर्मकारानं दिला. ग्रंथपालांनी ते पाहिलं आणि आतल्या पहिल्या पानावर नवा शिक्का मारून पुस्तक कपाटात ठेवून दिलं.

परीक्षेत ध्वनिविचारावर एक टिपणाचा प्रश्न आला, पाच मार्कांचा. मैत्रिणीला प्रथम वर्ग मिळाला, माझा थोडक्यात गेला. ती डी.एड. करून प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली, वेल्हे भागातच. मी पुण्याला एम.ए. केलं आणि पुढं एका कॉलेजात भाषाविज्ञान शिकवायला लागले. आम्ही वर्षातून दोनदा तरी भेटतो. तिच्या वर्गात पहिलीची मुलं 'म्या' म्हणाली तर ती त्यांना थांबवत नाही. चौथीला गेल्यावर 'मी' शिकवते, आणि दोन्ही कधी वापरायचं तेही.

मी शिकवायला लागले तोवर कॉम्प्युटर सगळीकडं झाले होते. त्या राखाडी पानाचा पत्ता मला पाठ होता. एकदा कॉलेजातून उघडून पाहिला, नागमोडी रेघेसकट. उघडलं नाही. प्राध्यापक निवृत्त झाले असतील, किंवा विद्यापीठानं सगळंच बदललं असेल. त्यांना आम्ही कधी पत्र लिहिलं नाही, याची मला तेव्हा चुटपुट लागली. आम्ही तिघं त्यांचे विद्यार्थी होतो आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. मग मी विद्यार्थ्यांसाठी स्वतःची यादी करायला घेतली. छापील पुस्तकं, इंटरनेटवरची पानं, आवाजांचे तक्ते. आता आवाज बोट ठेवताक्षणी येतो.

दोन वर्षांपूर्वीचीच गोष्ट. ईदसाठी भोरला आले होते. बाजारात भाजीवालीपुढं सर दिसले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, शर्ट तसाच पांढरा. त्यांनी मला पाहिलं नव्हतं. गवारीची शेंग मोडून बघत ते भाजीवालीला म्हणत होते, "लई जून हाय गं ही. कवाची तोडल्याली? परवाच्याला कवळी व्हती तुज्याकडं."

मी जागच्या जागी उभी राहिले. तीन वर्षं रोज ज्यांच्यापुढं बसलो, त्यांच्या तोंडून आम्ही हे बोलणं एकदाही ऐकलं नव्हतं. ते कुठल्या गावचे, हेही आम्ही कधी विचारलं नव्हतं. भाजीवाली म्हणाली, "न्हाई वो आण्णा, सकाळचीच हाय," आणि दोघांची घासाघीस सुरू झाली.

मग त्यांनी वळून मला पाहिलं. चेहरा उजळला. "अरे वा, तुम्ही," ते म्हणाले, तेच वर्गातलं, जपून बोललेलं मराठी. "कधी आलात? घरी सगळे ठीक?"

"ठीक आहेत, सर," मी म्हटलं. मग मला राहवलं नाही. "सर, तुमी कुठलं हो मूळचं?"

सरांनी हातातली गवार परत टोपलीत टाकली, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, आणि हसून म्हणाले, "हितलंच की. आंबवड्याच्या वरली वाडी हाय आमची. चला, च्या घिऊ, मंग सांगतो."